ऐरणीवरचा रिकामा ठोका

मंगळवारी सकाळी श्रीशैल कलशेट्टी एका ट्रकखाली उताणा पडला होता, तवा त्याच्या छातीवरचा मोबाईल थरथरला. दोन्ही हात ग्रीसनं माखलेले. त्यानं हनुवटीनं स्क्रीन सरकवली अन् वाचलं. बँडातल्या गिटारवाल्या युवराजचा मेसेज होता.

"रविवारी धाराशिवला कॉलेजात प्रोग्राम हाय. तू न्हाय आलास तरी जमतंय. पुढच्या महिन्याच्या पोस्टरवर तुझं नाव ठेवायचं का काढायचं, तेवढं सोमवारपतोर सांग."

त्यानं ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला गेला तर वरून ऑइलचा थेंब नेमका 'काढायचं'वर पडला.

आता हा बँड काढला कुणी, तर श्रीशैलनं. नाव ठेवलं कुणी, तर त्यानंच. 'उपळी बुरूज'. नळदुर्गच्या किल्ल्यातला सगळ्यात उंच बुरूज तो, गावातलं शेंबडं पोरबी ओळखतंय. अकरा वर्सांत ह्या बँडातले गाणारे बदलले, गिटारी बदलल्या, गिटारवाला पुण्याला जाऊन परत आला, गाण्याची जात बदलली, पोस्टरवरचं जिल्ह्याचं नावसुद्धा बदललं. बदलला न्हाय तो एकटा ढोलावरचा माणूस. अन् आता त्यालाच विचारत होते, बाबा तू हायस का न्हायस. बरं, ढोलवाला आला न्हाय तरी जमतं म्हणजे जमतं कसं? नवरदेवाला घरी ठेवून वरात निघाल्यागत झालं हे. श्रीशैल ट्रकखालून बाहेर आला, पाणी प्याला, परत ट्रकखाली गेला. तिथंबी उजेड पडला न्हाय.

हायवेला लागून त्याच्या बापाचं, बंडप्पांचं, कमानपाट्याचं दुकान हाय. ट्रकच्या चाकावर ज्या पोलादी पट्ट्या एकीवर एक रचलेल्या असतात, गाडीचा सगळा भार झेलतात, ते कमानपाटे. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर खड्ड्यांची कमी न्हाय, त्यामुळं पाट्यांना मरण न्हाय. पाटा भट्टीत लाल करायचा, ऐरणीवर ठेवायचा, ठोकून त्याला परत कमान द्यायची. एकट्याचं काम न्हवं ते. एकाच्या हातात हातोडा, समोरच्याच्या हातात घण. हातोडेवाला पाट्यावर मारून जागा दाखवतो, अन् मग ऐरणीच्या मोकळ्या अंगावर हलकाच एक रिकामा ठोका टाकतो. टिंग. त्या टिंगचा अर्थ एवढाच, की आता तू. मग घण पडतो. भट्टीच्या आवाजात अन् ट्रकच्या भोंग्यात तोंडानं सांगितलेलं ऐकू येत न्हाय, म्हणून ही रीत.

श्रीशैलला मिसरूड फुटायच्या आधी घण आला होता, मागोमाग हातोडाबी. बाविसाव्या वर्सी ढोल आले. ते असे, की युवराज सोलापूरला डिप्लोमाला होता, त्यानं एका पेनड्राइव्हवर गाणी आणली. युवराजच्या बापाचा ढाबा दुकानाच्या समोरच. दोघांनी ती गाणी ट्रकच्या केबिनात बसून ऐकली. करवतीगत गिटार, बंदुकीगत ढोल, अन् गाणारा आधी गुरासारखा ओरडतो अन् मधीच एकदम गोड गळा काढतो.

"ह्याला मेटलकोर म्हणतात," युवराज म्हणला.

"ह्याला काय झालंय?" श्रीशैलनं विचारलं.

"झालं काय न्हाय. गाणंय ते. आता ऐक, आता ब्रेकडाउन येतंय."

शेजारी पाना घ्यायला आलेले बंडप्पा थबकले. "ब्रेकडाउन? कुठल्या किलोमीटरला?"

पण श्रीशैलला त्या आवाजात काहीतरी घरचं वाटलं. त्यानं सोलापूरच्या एका मोडीत निघालेल्या बँडपार्टीचे ढोल आणले. पायानं मारायचा दट्ट्या बाजारातून आणला न्हाय; तुटका कमानपाटा अन् लुनाची चेन घेऊन दुकानातच बनवला. दोन्ही पायांसाठी दोन. दुकानामागच्या पत्र्याच्या खोलीत पहिल्यांदा वाजवलं तवा त्याची आई, शिवकांता, हातात चरवी घेऊन आली.

"म्हशीनं दूध चोरलं रं आज. अजून किती वेळ चालणाराय हे?"

"अव्वा, हे तर नुस्तं ट्यूनिंग हाय."

"मग म्हशीला सांग की तसं."

गाणारा शोधावा लागला न्हाय. वीरभद्र त्यांच्याच गल्लीतला, पुरवंताच्या घरातला. लिंगायतांच्यात ज्यांचं कुळदैवत वीरभद्र, त्यांच्या लग्नाआधी गुग्गुळाची मिरवणूक निघती. त्यात पुरवंत हातात तलवार घेऊन देवाचं वर्णन ललकारतो. ती ललकारी बेंबीच्या देठापासून येती. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राहतो. वीरभद्र बापाचं ऐकून ऐकून ते शिकला होता. युवराजनं त्याला पेनड्राइव्हवरचा ओरडा ऐकवला तर तो म्हणला, "हा गळ्यातनं ओरडतोय. पंधरा दिवसांत बसंल ह्याचा आवाज. पोटातनं काढायला पायजे." अन् काढून दाखवला. समोरच्या ढाब्यावरचा एक पंजाबी ड्रायव्हर जेवता जेवता उठून उभा राहिला.

अशी तिघांची सुरुवात झाली. श्रीशैलच्या ढोलात एक खोड होती, ती तवापासूनची. जड मारा झाला, की ढोलाच्या कडेच्या लोखंडी रिंगवर काडीचा हलका ठोका पडायचा. टिंग. तो मुद्दाम टाकत न्हवता; हाताला सवय. अन् तो टिंग पडला, की वीरभद्राचा आवाज सुटायचा. घण पडल्यागत.

तीन वर्सं बरी गेली. मग जळकोटची जत्रा आली.

जत्रेच्या पंचांना वाटलं ऑर्केस्ट्रा हाय. कुणीतरी सांगितलं पोरं चांगली वाजवतात, म्हणून बोलावलं. समोर बायाबापड्या, आख्खं गाव. तिसऱ्या गाण्यात वीरभद्रानं केस मोकळे सोडले, कमरेत वाकला, डोकं घुमवलं अन् आवाज काढला. चिरमुऱ्यावाल्यानं माप हातातच धरलं. अन् मग गर्दीतनं कस्तुराबाई नावाची एक पन्नाशीची बाई सरळ स्टेजवर चढली. हातात हळदीकुंकवाचं ताट. तिनं वीरभद्राच्या कपाळावर बोटं ओढली, त्याच्या मुठीत लिंबू कोंबलं अन् पदर पसरून विचारलं, "देवा, माझी म्हस दोन वर्सं झाली फळंना. काय चुकलं आमचं?"

माईक चालू होता. सगळ्या जत्रेनं ऐकलं.

वाजवणं थांबवायला पाहिजे होतं. श्रीशैलला ते कळतबी होतं. पण हात चालू होते, अन् सवयीनं रिंगवर ठोका पडला. टिंग. अन् टिंग पडल्याबरोबर वीरभद्राच्या तोंडून, बेंबीच्या देठापासून, आलं, "अमुश्या!"

पुढच्या मिनिटाला स्टेजखाली रांग लागली. कुणाला पोरगी उजवायची, कुणाची मोटर जळती, कुणाचा भाऊ बांध कोरतो. युवराज गिटारीवर वाकून श्रीशैलच्या कानाशी ओरडला, "थांबू नगंस! थांबलो तर हाणतील!" मग पाऊण तास ते एकच गाणं वाजत राहिलं. श्रीशैल ठोका द्यायचा, वीरभद्र बोलायचा. काय बोलला, त्याला स्वतःला आठवत न्हाय.

दोन महिन्यांनी कस्तुराबाई डबाभर खवा घेऊन नळदुर्गात आली. म्हस गाभण राहिली होती, अन् अमुश्येलाच भरवली होती म्हणं. पुढच्या वर्सी जळकोटकरांनी निरोप धाडला: बँड नको, देवाला तेवढं पाठवा.

हे वीरभद्राच्या बापाच्या कानावर गेलं. म्हाताऱ्यानं आदळआपट केली न्हाय. एवढंच म्हणला, "देवाचा आवाज उसना न्हेलास. आता फेड." वीरभद्रानं बापाची तलवार हातात घेतली, पुरवंत झाला, अन् देवाच्या कामाबाहेर तो आवाज काढायचा न्हाय असा नेम घेतला. बँड सोडताना श्रीशैलला म्हणला, "शैल्या, मला अजून कळंना, ती अमुश्या मी बोललो का कोण बोललं. तू ठोका दिलास, म्हणून तोंड उघडलं. मग ते पाप माझं का तुझं?"



त्याच्या जागी जळकोटचाच रणधीर आला. सालस पोरगा, शेतात राबणारा, आवाज गुळाच्या ढेपेवानी. त्याला ओरडता येईना, म्हणून गाणी गोड झाली. गाणी गोड झाली म्हणून ढोल हळू झाले. एकदा तर युवराजनं श्रीशैलच्या हातात काड्यांऐवजी झाडणीगत दोन ब्रश दिले. "ढोल झाडू का?" श्रीशैलनं विचारलं. पण पोरी ऐकायला यायला लागल्या, तवा कुणी तक्रार केली न्हाय. रणधीर रोज पहाटं पळायला जायचा. सगळ्यांना वाटायचं दम वाढवतोय गाण्यासाठी. तो पोलीस भरतीची तयारी करत होता. निवड झाल्यावर पेढे घेऊन आला तवा बँडाला कळलं, की आपल्याकडं गाणारा न्हाय.

मग कोरोनानं दोन वर्सं खाल्ली. युवराज पुण्याला नोकरीला गेला, नोकरीतनं परत ढाब्यावर आला, अन् येताना उमरग्याच्या महेश्वरीची ओळख घेऊन आला. चुणचुणीत पोरगी. कानडीत बोलायला लागली तर श्वास घेत न्हाय अन् मराठीत बोलायला लागली तर दुसऱ्याला घेऊ देत न्हाय. सगळं संगीत तिच्या लॅपटॉपात. गातीबी तीच. श्रीशैलला पहिल्या दिवसापासून 'अण्णा' म्हणायची, तेबी मनापासून.

गेल्या दिवाळीनंतर ती एक दिवस पत्र्याच्या खोलीत आली. सगळ्या ढोलांभोवती माईक लावले. "अण्णा, एकेक ढोल वाजवा. हळू, मग जोरात, मग लई जोरात. प्रत्येक शंभर येळा."

श्रीशैलला वाटलं, तपासणी चालली. ट्रक आला की पाटे ठोकून बघतात, आवाजावरनं चीर कळती; तसंच हे. उलट त्याला बरं वाटलं, की पोरगी वस्तू नीट पारखून घेती. दिवसभर त्यानं न कुरकुरता ठोकलं. संध्याकाळी विचारलं, "काय, चीर-बीर न्हाय ना कुठं?"

"एक नंबर हाय सगळं, अण्णा."

तो खूश होऊन घरी गेला. आपला मारा आपण शेरानं मापून दिला, हे त्याला कळलंच न्हाय.

मेसेज आला त्या मंगळवारी संध्याकाळी तो रस्ता ओलांडून ढाब्यावर गेला. युवराज काउंटरवर बसून कांदा निवडत होता.

"माझ्याबिगर जमतंय म्हणजे काय रं?"

"तसं न्हवं शैल्या. महेश्वरीनं दिवाळीनंतर लॅपटॉपात भरून घेतले ते ढोल तुझेच हायत. तूच वाजतोयस. फक्त तुला यायची गरज न्हाय."

"मी वाजतोय अन् मी न्हाय?"

"व्हय."

"मग मी कुठं असतो तवा?"

युवराजनं एक सडका कांदा बाजूला टाकला. "तू लई खोलात जातोस. दुकान सोडून यायला तुलाच जमत न्हाय, मागचे दोन प्रोग्राम बुडवलेस का न्हाय? तवा म्हणलं, तुझीबी सोय अन् आमचीबी. नाव ठेवायचं असंल तर ठेवू. काढायचं असंल तर काढू. राग न्हाय."

राग असता तर सोपं झालं असतं. भांडता आलं असतं. श्रीशैल चहा न पिता परत आला, अन् परत आल्यावर त्याला आठवलं की आपण चहा सांगितला होता.

रविवारी तो गेला. वाजवायला न्हाय, ऐकायला. तुळजापूरला एसटी बदलून धाराशिवला पोचला, कॉलेजच्या मैदानावर मागच्या रांगेत लोखंडी कठड्याला टेकून उभा राहिला. अकरा वर्सांत आपला बँड समोरून कसा दिसतो, हे त्यानं पहिल्यांदाच बघितलं. दोन माणसं, एक लॅपटॉप. मागं ढोलांची जागा मोकळी, तिथं कुणीतरी पाण्याच्या बाटल्यांचं खोकं ठेवलेलं.

महेश्वरीनं बटण दाबलं अन् श्रीशैल वाजायला लागला.

खोटं बोलून उपयोग न्हाय, चांगला वाजत होता. तोच मोठा ढोल, कमानपाट्याच्या दट्ट्याचा, पोटात लागणारा. पोरं उड्या मारत होती. त्याची मान आपोआप हलायला लागली. आपलीच पाठ आपण दुसऱ्याच्या आरशात बघावी तसं झालं; ओळखू येती पण माझी म्हणावं का न्हाय कळत न्हाय. अन् मग त्याला जाणवलं, की काहीतरी अडतंय. मारा येतो, अन् मारा येतो, अन् परत मारा येतो. मधी टिंग न्हाय. श्रीशैल प्रत्येक येळी त्या जागेवर थबकायचा, अन् गाणं त्याला न विचारता पुढं जायचं. पायरी चुकल्यागत.

न राहवून त्याच्या हातातली दुकानाची किल्ली कठड्यावर पडायला लागली. जिथं पाहिजे तिथं. टिंग.

शेजारचं पोरगं वळलं. "ओ काका, तालात वाजवा की. न्हायतर गप ऐका."

श्रीशैलनं किल्ली खिशात घातली.

प्रोग्राम संपल्यावर तो मागं गेला. युवराज वायरी गुंडाळत होता. महेश्वरी लांबूनच ओरडली, "अण्णा! ऐकलात? तुमीच वाजलात सगळं!"

"टिंग कुठं गेलं?"

"कुठलं टिंग?"

त्यानं किल्लीनं टेबलाच्या पायावर करून दाखवलं. महेश्वरीनं लॅपटॉप उघडला, जुन्या रेकॉर्डिंगात शोधलं, हेडफोन लावून ऐकलं, अन् हसायला लागली. "अय्यो, हे व्हय! मला वाटलं स्टँडचा नट ढिलाय. प्रत्येक गाण्यात होतं हो अण्णा, हजार ठिकाणी! ह्यावरनं तुमचा ताल उतरवताना दोन दिवस बसून एकेक पुसलंय मी." मग त्याच्या तोंडाकडं बघून तिचं हसू बारीक झालं. "चुकलं का? कशासाठी असतंय ते?"

श्रीशैलनं सांगायला तोंड उघडलं. ते समोरच्यासाठी असतं, 'आता तू' म्हणून. पण समोर बघितलं तर कोण होतं? लॅपटॉपला सांगावं लागत न्हाय, त्याला सगळं आधीच ठाव. वीरभद्र गेल्यावर आठ वर्सं तो कुणाला 'आता तू' म्हणत होता? रणधीर तर त्या ठोक्यावर एकदाबी आला न्हवता.

"सांगतो," तो म्हणला, अन् न सांगता शेवटची एसटी गाठायला निघाला.

सोमवार उजाडला. नावाचं उत्तर द्यायचा दिवस. अन् नेमका वीरभद्रच दुकानात आला, भाजीचा टेम्पो घेऊन. त्याच्या टेम्पोचा पाटा मोडला होता. घण मारणारा कामगार त्या दिवशी सोनारीला काळभैरवाच्या दर्शनाला गेलेला, बंडप्पांचा खांदा दुखरा.

"मार की मग तूच," बंडप्पा वीरभद्राला म्हणले. "टेम्पो तुझा हाय. पुरवंताचा हात काय फक्त तलवारीलाच का?"

वीरभद्रानं सदरा काढला, घण उचलला. श्रीशैलनं लाल पाटा ऐरणीवर धरला, हातोडा मारला, अन् मोकळ्या अंगावर ठोका दिला. टिंग. घण पडला. परत टिंग. परत घण. दहा-बारा घावांनंतर वीरभद्राच्या छातीतनं हुंकार यायला लागला. ललकारी न्हवं, त्याचा नेम त्याला ठाव. नुस्ता दम. पण बरोब्बर ठोक्यावर.

पाटा पाण्यात घालताना श्रीशैल म्हणला, "ठोक्यावर येतोस अजून."

"न आलो तर तुझा हात ठेचंल," वीरभद्र म्हणला. "त्याच्यात काय एवढं?"

श्रीशैलनं ग्रीसच्या हातानंच मोबाईल काढला अन् युवराजला लिहिलं: "नाव ठेव. मी येतो. ढोल लॅपटॉपातच राहू दे. मी ऐरण आणतो."

युवराजचं उत्तर लगेच आलं. "ऐरण?? कशाला?"

"टिंगला."

मग महेश्वरीचा मेसेज आला. तिनं कशाला ते विचारलं न्हाय. "वजन किती अण्णा? तिथलं स्टेज लाकडी हाय."

पुढच्या महिन्यात, प्रोग्रामच्या दिवशी, वीरभद्राचा टेम्पो दुकानाला मागून लावला. वीरभद्रानं आधीच बजावलं होतं, "मी तोंड उघडणार न्हाय, सांगून ठेवतो. गाडी तेवढी चालवीन."

"नको उघडू. ऐरण तर उचल."

बंडप्पा कमरेवर हात ठेवून बघत होते. "चाळीस वर्सांत ही जागची हलली न्हाय. अन् गिऱ्हाईक आलं तर पाटा काय डोस्क्यावर ठोकू?"

"संध्याकाळी परत आणतो, अप्पा."

शिवकांता दारातनं म्हणली, "न्हेऊ द्या. म्हशीला तेवढंच सुख."

तिघांनी जोर लावला. ऐरण वीतभर उचलली गेली अन् परत बसली. बंडप्पांनी घाम पुसला.

"अन् हिच्यावर वाजवणार काय तू? त्या पेटीत सगळं वाजतंयच म्हणं."

श्रीशैलनं परत ऐरणीखाली हात घातला. खरं सांगायचं तर महिनाभर तो हेच शोधत होता. टिंग तर देईन, पण त्याच्यानंतर कोण येणार?

"ते न्हाय ठाव अजून," तो म्हणला. "अप्पा, तुमी त्या अंगानं धरा."